वाचनालयात खेळाचे टेबल कसे मांडावे : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

कोल्हापूर शहरातल्या पेठांमधून आणि करवीर, कागल, पन्हाळा या तालुक्यांतल्या वाचनालयांमधून एकच प्रकार मी वारंवार पाहिला आहे. कार्यकारी मंडळाच्या सभेत ‘मुले वाचनालयात येत नाहीत’ हा विषय निघतो, कोणीतरी खेळ आणण्याचे सुचवते, दुसऱ्याच दिवशी बाजारातून एक कॅरमबोर्ड, दोन बुद्धिबळाचे पट आणि लुडोचा डबा येतो. पहिल्या आठवड्यात गर्दी होते, दुसऱ्या आठवड्यात अभ्यासिकेतले विद्यार्थी तक्रारीचा अर्ज देतात आणि तिसऱ्या महिन्यात कॅरमबोर्ड भिंतीला टेकून उभा असतो, त्याच्या आडोशाला जुन्या वृत्तपत्रांची रद्दी साठू लागते. यात खेळाचा दोष नसतो. डबा आधी येतो आणि तो कोणासाठी, कशासाठी, कोणत्या वेळी आणि कोणाच्या देखरेखीखाली उघडायचा हे प्रश्न मागाहून येतात, म्हणून हे घडते. पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्यावेत. एखादा टप्पा वगळला तर तो दोन महिन्यांनी तक्रारीच्या रूपाने परत येतो.

## टप्पा १ : एक आठवडा नुसते पाहा

खरेदीचा विचार बाजूला ठेवून एक वही घ्यावी आणि सलग सात दिवस, वाचनालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत, दर तासाला कोण बसले आहे याची नोंद करावी. नाव लिहिण्याची गरज नाही. ‘सकाळी नऊ, वृत्तपत्र वाचणारे ज्येष्ठ ११, अभ्यासिका पूर्ण भरलेली, बालविभाग रिकामा’ एवढे पुरेसे असते. बहुतेक वाचनालयांत सकाळी वृत्तपत्रांची गर्दी, संध्याकाळी पुस्तकांच्या देवघेवीची रांग आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांमुळे अभ्यासिका दिवसभर भरलेली असे चित्र दिसते. या चित्रात जी एक-दीड तासाची फट सापडेल तीच खेळाची वेळ. मुलांना सोयीची वाटेल ती वेळ आधी ठरवून इतर वाचकांना सरकायला सांगणे म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच त्याला विरोधक तयार करणे होय.

याच आठवड्यात आवाजाचीही चाचणी घ्यावी. ज्या जागी टेबल मांडायचे तेथे चौघांनी बसून नेहमीच्या आवाजात गप्पा माराव्यात आणि एकाने दार लावून अभ्यासिकेत बसावे. शब्द कळत असतील तर ती जागा चालणार नाही. नुसती कुजबुज ऐकू येत असेल तर चालेल. इमारतीत एकच मोठी खोली असेल तर व्हरांडा, गच्चीवरची शेड किंवा शेजारच्या शाळेचा सुट्टीच्या दिवशीचा वर्ग यांचा विचार करावा.

तपासणी : आठवड्याअखेर वहीतून दोन गोष्टी निघायला हव्यात : एक निश्चित वार व वेळ, आणि एक निश्चित जागा. यांपैकी एकही ठरत नसेल तर पुढे जाऊ नये.

## टप्पा २ : हेतू एका वाक्यात लिहा

‘मुलांना वाचनाची गोडी लागावी’ हे वाक्य हेतू म्हणून निरुपयोगी आहे, कारण तीन महिन्यांनी ते साधले की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी ‘चौथी ते सातवीच्या मुलांना कपाटातून आपले आपण पुस्तक शोधता यावे’, ‘सकाळी वृत्तपत्र वाचायला येणारे ज्येष्ठ आणि संध्याकाळी येणारी मुले आठवड्यातून एकदा एका टेबलावर बसावीत’ किंवा ‘हंगामात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांतील मुलांना वाचनालयाचे दार माहीत व्हावे’ अशी वाक्ये लिहावीत. प्रत्येक वाक्यात कोण आणि काय हे स्पष्ट आहे. एका टेबलाला एकच हेतू असावा.

येथेच एक काम उरकून घ्यावे, जे जवळजवळ सर्वत्र राहून जाते. हेतू लिहून झाल्यावर खेळाकडे वळण्याआधी त्या हेतूशी जुळणारी दहा-पंधरा पुस्तके कपाटातून काढून त्यांची यादी करावी. नदीवरचा खेळ मांडायचा असेल आणि नदी, धरणे, पाऊस यांवर मुलांना वाचता येईल असे एकही पुस्तक वाचनालयात नसेल, तर खेळ कितीही रंगला तरी मूल हात हलवत घरी जाईल. पुस्तक आधी आणि खेळ नंतर, हा क्रम मी कोणत्याही कारणासाठी सोडत नाही.

## टप्पा ३ : ठराव, पैसा आणि जबाबदारी

तोंडी संमतीवर सुरू केलेला उपक्रम पहिल्या तक्रारीला बंद पडतो. कार्यकारी मंडळाच्या सभेत रीतसर ठराव करून तो इतिवृत्तात नोंदवावा. ठरावात वार, वेळ, जागा, जबाबदार व्यक्ती, खर्चाची मर्यादा आणि आढाव्याची तारीख या सहा बाबी याव्यात. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांतील वाचनालये तपासणीला सामोरी जात असतात. तेथे खेळाचे साहित्य कशाच्या पैशातून आणले हा प्रश्न निघू शकतो. म्हणून पहिला खर्च देणगीतून किंवा संस्थेच्या स्वनिधीतून करावा आणि अनुदानाची रक्कम वापरायची असेल तर आधी जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाला लेखी विचारावे. खेळाचे साहित्य पुस्तकांच्या दाखलनोंद रजिस्टरमध्ये चढवू नये. ते डेडस्टॉक, म्हणजे टिकाऊ सामानाच्या, रजिस्टरमध्ये जाते. ही चूक सुरुवातीला किरकोळ वाटते, पण वार्षिक पुस्तकमोजणीत आकडे जुळेनासे झाले की तीच शोधत बसावे लागते.

खर्चाची मर्यादा मुद्दाम कमी ठेवावी. पहिल्या तीन महिन्यांसाठी दीड हजार रुपये पुरतात, कारण पुढे सांगितलेले बहुतेक खेळ पुठ्ठा, चिंचोके आणि जाड कागद यांतून तयार होतात.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत तीन गोष्टी ठरावातच असाव्यात : खेळाच्या वेळी दोन प्रौढ हजर असणे, खोलीचे दार उघडे असणे आणि प्रत्येक मुलाच्या पालकाचा दूरध्वनी क्रमांक हजेरीच्या वहीत असणे.

इशारा : पैज नको, ती दहा रुपयांची असो वा चहाची. जुगारप्रतिबंधाच्या कायद्याचा प्रश्न पुढचा. ‘वाचनालयात पैसे लावून खेळतात’ हे वाक्य एकदा गल्लीत फिरले की ते मागे घेता येत नाही. याच कारणासाठी निदान पहिले वर्षभर पत्त्यांचा कॅट वाचनालयात आणू नये. रमी हा बुद्धीचा खेळ आहे की नाही यावर वाद घालायला आपले वाचनालय ही जागा नव्हे.

## टप्पा ४ : खेळ पारखून घ्या

प्रत्येक खेळाला चार प्रश्न विचारावेत. नियम पाच मिनिटांत सांगून होतात का? खेळ चाळीस मिनिटांच्या आत संपतो का? कोणी मध्येच बाद होऊन रिकामे बसत नाही ना? आणि खेळ चालू असताना खेळाडूंना एकमेकांशी बोलावे लागते का? चारपैकी तीन प्रश्नांचे उत्तर अनुकूल आले तरच खेळ घ्यावा.

या कसोटीवर कॅरम उतरत नाही. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी अशा एकोणीस सोंगट्यांचा हा खेळ उत्तम आहे यात वाद नाही, परंतु स्ट्रायकरचा आवाज भिंत ओलांडतो, पावडर पुस्तकांवर बसते आणि बोर्डाचा ताबा काही दिवसांतच मोठी मुले घेतात. कॅरमसाठी आपल्याकडे पेठेपेठेत तालमी आणि मंडळे आहेतच. लुडोमध्ये सहा पडेपर्यंत सोंगटी बाहेर येत नाही, त्यामुळे एखादे मूल दहा मिनिटे नुसते फासा टाकत बसते. तो ठेवायचाच असेल तर सुरुवातीला प्रत्येकाची एक सोंगटी बाहेर काढून ठेवावी आणि चारऐवजी दोनच सोंगट्यांवर खेळावे. लुडोत लाल आणि हिरवा शेजारी आले की रंग नीट न ओळखणाऱ्या मुलांचा गोंधळ होतो. सोंगट्यांच्या डोक्यावर टिकली, फुली, रेघ अशा खुणा केल्या की तो मिटतो.

बुद्धिबळ शांत खेळ आहे, पण त्यात वेगळी अडचण येते. ज्याला येते तो जिंकत राहतो आणि नवखे मूल दोन डाव हरून उठते. यावर उपाय म्हणून आरंभी ‘प्याद्यांची लढाई’ घ्यावी : दोन्ही बाजूंची फक्त आठ-आठ प्यादी मांडायची, चाली नेहमीच्याच, आणि ज्याचे प्यादे पहिल्यांदा पलीकडच्या टोकाला पोहोचेल तो जिंकला. दहा मिनिटांत डाव संपतो. पुढच्या आठवड्यात त्यात राजा, त्याच्या पुढच्या आठवड्यात हत्ती असे मोहरे वाढवीत जावे. पट मांडताना प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर आले पाहिजे, हे टेबलावर लिहूनच ठेवावे; निम्म्या घरांतून पट आडवाच मांडला जातो. दृष्टिहीन वाचक येत असतील तर काळी घरे उंचावलेला आणि मोहरे खोबणीत बसणारा पट मिळतो. एवढा एक खर्च मात्र करण्यासारखा आहे.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा खेळ म्हणजे नवकंकरी. एकात एक तीन चौकोन काढून त्यांच्या बाजूंचे मध्यबिंदू रेघांनी जोडले की चोवीस बिंदूंचा पट तयार होतो. प्रत्येकाकडे नऊ कंकर. एकाचे चिंचोके, दुसऱ्याचे गजगे. आधी आळीपाळीने एकेक कंकर बिंदूवर ठेवायचा, सगळे ठेवून झाले की शेजारच्या रिकाम्या बिंदूवर सरकवायचा. तीन एका रेषेत आले की समोरच्याचा एक कंकर उचलायचा. ज्याच्याकडे दोनच उरतील तो हरला. वाचता न येणारे मूलही हा खेळ पहिल्या दिवशी शिकते, म्हणून ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी टेबल मांडायचे असेल तर मी येथूनच सुरुवात करतो. त्या मुलांकडे अनामत, वर्गणी किंवा आधार कार्ड मागू नये. खेळाच्या टेबलाला सभासदत्वाची अट नसावी.

## टप्पा ५ : डबा तयार करणे

विकतचा असो वा घरी केलेला, प्रत्येक खेळाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मोजणीची चिठ्ठी चिकटवावी : बुद्धिबळ ३२ मोहरे, लुडो १६ सोंगट्या, १ फासा, नवकंकरी १८ कंकर. नियम अर्ध्या पानात, मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहून त्याच डब्यात ठेवावेत. प्रत्येक डब्याबरोबर जास्तीचे पाच तुकडे एका छोट्या पुडीत असावेत. मोहरा हरवला की शर्टाचे बटणही चालते, पण ते आधीपासून डब्यात असायला हवे.

पुठ्ठ्याचे पट चिकटवताना कणकेची खळ वापरू नये. तिच्या वासाने कसर आणि झुरळे येतात आणि तेथून ती पुस्तकांत जातात. पांढरा डिंक वापरावा आणि पट लॅमिनेट करून घ्यावा.

एका वाचनालयात आम्ही मोजणीच्या चिठ्ठ्या न लावताच सहा डबे उघडले होते. महिन्याभरात दोन पटांत मिळून एकच वजीर उरला, आणि तो कोणत्या पटाचा यावर दोन भाऊ दारात भांडले. तेव्हापासून चिठ्ठी नसलेला डबा मी टेबलावर येऊ देत नाही.

## टप्पा ६ : टेबलप्रमुख नेमणे आणि त्याला शिकवणे

ग्रंथपालाने देवघेव सांभाळत खेळाकडेही लक्ष द्यावे ही अपेक्षा चुकीची आहे. प्रत्येक टेबलाला एक टेबलप्रमुख असावा : महाविद्यालयीन विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, एखादी उत्साही गृहिणी, कोणीही चालेल. त्याने आपला खेळ आदल्या आठवड्यात निदान दोनदा खेळलेला असावा. नियम वाचून समजले असे वाटते, परंतु अडचण कोठे येते ते खेळल्यावरच कळते.

नियम सांगण्यातही क्रम आहे. जिंकायचे कसे हे आधी सांगावे, मग एका पाळीत काय करायचे, मग खेळ कधी संपतो, आणि अपवाद सांगूच नयेत. ते उद्भवतील तेव्हा सांगावेत. नियमांचे पान मोठ्याने वाचून दाखवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, कारण तिसऱ्या ओळीपासून मुले सोंगट्यांशी खेळू लागतात आणि प्रमुख चिडतो. पहिली एक पाळी सर्वांनी उघड्या हाताने, चुका माफ करून खेळावी.

टेबलप्रमुखाने स्वतः जिंकण्यासाठी खेळू नये. हे सांगावे लागते.

## टप्पा ७ : चालून गेलेले तीन खेळ

हेतू वेगवेगळे असले की खेळही वेगळे लागतात. खालील तिन्ही खेळ घरी तयार होतात आणि तिन्हींचा शेवट कपाटापाशी होतो.

### अ) अक्षरचिठ्ठ्या : ज्येष्ठ आणि मुले एका टेबलावर

इंग्रजी अक्षरांचे विकतचे खेळ पाहून मराठी मुळाक्षरांच्या टिकल्या करण्याचा मोह होतो आणि तो प्रयोग काना-मात्रा-वेलांटीपाशी अडतो. त्यावर सोपा मार्ग असा की चिठ्ठीवर फक्त व्यंजन लिहावे आणि स्वरचिन्ह खेळाडूने आपल्या मनाने लावावे. क, त, न, प, म, र, ल, स यांच्या प्रत्येकी चार आणि ग, च, ज, ट, ड, ण, द, ब, य, व, श, ह, ळ यांच्या प्रत्येकी दोन अशा अठ्ठावन्न चिठ्ठ्या पुरतात. दोन किंवा तीन चिठ्ठ्या टेबलाच्या मधोमध उलगडायच्या, त्यांचा क्रम बदलायचा नाही, आणि तीन मिनिटांत प्रत्येक जोडीने जितके शब्द होतील तितके लिहायचे. क, र, ण आले तर करण, कारण, किरण, करुण, करुणा, करणी. दुसऱ्या कोणी न लिहिलेल्या शब्दाला दोन गुण, इतरांना एक. जोडाक्षरे पहिल्या फेरीत नकोत.

जोडी नेहमी एक ज्येष्ठ आणि एक मूल अशीच करावी. शब्दावर वाद झाला तर ज्याने आक्षेप घेतला त्याने उठून मराठी शब्दकोश आणायचा आणि शोधायचा; ग्रंथपालाने निवाडा द्यायचा नाही. या एका नियमातच खेळाचा सगळा उपयोग साठलेला आहे. एका शनिवारी म आणि ळ या चिठ्ठ्या आल्या. माळ, मेळ, मूळ, मळा, माळी एवढे सर्वांकडेच होते. एका आजींनी ‘मोळी’ लिहिले आणि त्यांच्या मनात सरपणाची मोळी होती. जोडीला बसलेल्या चौथीतल्या मुलाने मात्र हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याच्या गव्हाणीत टाकतात ती उसाची मोळी, असे ठासून सांगितले. त्यानेच पुढे ‘मळी’ लिहिले. आजींच्या लेखी मळी म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, त्याच्या लेखी साखर काढल्यावर उरणारा आणि कारखान्यातून टँकरने जाणारा दाट रस. दोघेही शब्दकोशाच्या पानावर डोकी टेकवून बसले, आणि खेळ संपल्यावर तो मुलगा शेतीच्या कपाटातले उसावरचे पुस्तक घेऊन गेला. आजींनी आपल्या नावावर ते दिले, कारण तो सभासद नव्हता.

### आ) कपाटशोध : पुस्तक आपले आपण सापडावे म्हणून

येथे सर्वांत मोठी चूक म्हणजे शर्यत लावणे. शर्यत लागली की मुले धावतात, पुस्तके ओढून काढतात, वाटेल तेथे खुपसतात आणि दुसऱ्या दिवशी कर्मचाऱ्यांचे दोन तास पुस्तके लावण्यात जातात. म्हणून वेळ मोजू नये आणि पुस्तक बाहेर काढू देऊ नये. प्रत्येक जोडीला पाच रंगीत पट्ट्या आणि पाच प्रश्न द्यावेत; उत्तराचे पुस्तक सापडले की ते जागेवरच ठेवून त्याच्या शेजारी पट्टी खोचायची आणि प्रमुखाला बोलावून दाखवायचे.

जेथे दशांश वर्गीकरण (विषयानुसार पुस्तकांना क्रमांक देण्याची पद्धत) वापरात आहे तेथे प्रश्न क्रमांकावरून करावेत : ‘५९८ या क्रमांकापाशी कोणते प्राणी भेटतात?’ (पक्षी), ‘लोककथा ३९८ मध्ये आहेत, मग बुद्धिबळ कोठे असेल?’ (७९४.१), ‘मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आहे, त्यातली सर्वांत जाड पाठ कोणत्या पुस्तकाची?’ जेथे कादंबरी, चरित्र, प्रवास अशी साधी विभागणी आहे तेथे विभागाच्या पाट्यांवरून आणि लेखकाच्या आडनावावरून प्रश्न करावेत. आदल्या दिवशी प्रमुखाने प्रत्येक पुस्तक खरोखर जागेवर आहे की नाही हे पाहून घ्यावे. जागेवर नसलेले पुस्तक शोधायला लावले तर मूल त्यावरून एवढेच शिकते की येथे काही सापडत नाही.

### इ) पंचगंगेचा पट : सगळे मिळून जिंकतात किंवा सगळे मिळून हरतात

ज्या टेबलावर वेगवेगळ्या गल्ल्यांतली, वेगवेगळ्या शाळांतली मुले एकत्र यावीत असा हेतू आहे तेथे चढाओढीचा खेळ उलटा परिणाम करतो. त्यासाठी आम्ही पुराचा पट केला. मोठ्या पुठ्ठ्यावर कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या येऊन मिळणारी पंचगंगा काढावी. सरस्वती गुप्त मानतात, ती तुटक रेघेने दाखवावी. एका कडेला ३० ते ४५ फुटांची पट्टी आखून ३९ वर पिवळी आणि ४३ वर लाल रेघ मारावी, कारण कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते. नदीकाठी चिखली आणि आंबेवाडी ही गावे काढून तेथे वीस चिंचोके ठेवावेत; एक चिंचोका म्हणजे एक कुटुंब. दूर उंचावर सोनतळी, म्हणजे पुरात कुटुंबे हलवायची ती जागा, काढावी.

चोवीस चिठ्ठ्या कराव्यात : आठ ‘पाऊस, एक फूट वाढ’, सहा ‘मुसळधार, दोन फूट वाढ’, चार ‘राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, दोन फूट वाढ’ आणि सहा ‘उघडीप, एक फूट उतार’. पाणी ३० फुटांवरून सुरू होते. ज्याची पाळी आहे त्याने चिठ्ठी उचलून पातळी सरकवायची आणि मग नदी, धरण, पाऊस यांवरचा एक प्रश्न सोडवायचा. उत्तर टेबलावर ठेवलेल्या पुस्तकांतून शोधता येते आणि सर्वांनी मिळून चर्चा करता येते. उत्तर बरोबर आले तर दोन कुटुंबे हलवायची, चुकले तर एक. पिवळी रेघ ओलांडल्यावर रस्ते बुडू लागतात, म्हणून बरोबर उत्तराला एक आणि चुकीच्या उत्तराला शून्य. पाणी लाल रेघेला पोहोचण्याआधी वीसही कुटुंबे सोनतळीला गेली तर सगळे जिंकले. साधारण चौदा पाळ्यांत, अर्ध्या तासात निकाल लागतो आणि बहुतेक वेळा तो एक-दोन कुटुंबांवर येऊन ठेपतो. सलग तीन वेळा हरले तर चिंचोके अठरा करावेत, सहज जिंकू लागले तर बावीस.

इशारा : २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांच्या घरात शिरला ती कुटुंबे आपल्यातच आहेत. एकदा खेळ अर्ध्यावर असताना एक मुलगी चिंचोका हातात धरून गप्प बसली; तिची आई नंतर म्हणाली की त्या रात्री त्यांची म्हैस गेली होती. मी आधी विचारायला हवे होते. आता पट उघडण्यापूर्वी विषय सांगतो, शेजारी दुसरा खेळ मांडून ठेवतो, आणि ज्याला उठायचे असेल त्याला कारण विचारत नाही.

## टप्पा ८ : एका तासाची आखणी

हजेरी आणि बसणे पाच मिनिटे, नियम पाच मिनिटे, खेळ पस्तीस मिनिटे, मोजणी पाच मिनिटे आणि कपाट दहा मिनिटे. वेळ कमी पडली तर खेळ तोडावा, शेवटची पंधरा मिनिटे तोडू नयेत. मोजणी कपाटाच्या आधी यायला हवी, कारण पुस्तक हाती पडले की मूल दाराकडे वळते आणि फासा टेबलाखाली राहतो. मोजणी मुलांनीच करावी व झाकणावरच्या आकड्याशी पडताळावी.

कपाटाच्या दहा मिनिटांत दुसऱ्या टप्प्यात काढलेली पुस्तके टेबलावर मांडावीत आणि प्रमुखाने एकच प्रश्न विचारावा : ‘आज कशावरून वाद झाला?’ त्या वादाचे उत्तर ज्या पुस्तकात आहे ते उघडून दाखवावे. ‘आज काय शिकलात?’ असे विचारले की मुले शाळेतली उत्तरे देतात.

टेबलावर खाणे नको. भडंगाचे तेलकट हात चिठ्ठ्यांना आणि पाठोपाठ पुस्तकांना लागतात. खायचे असेल तर शेवटी, व्हरांड्यात, आणि हात धुऊनच परत यावे. मोबाइल फक्त प्रमुखाकडे, वेळ लावण्यापुरता.

## टप्पा ९ : नोंद आणि आढावा

चार रकाने पुरे : आलेली मुले व प्रौढ, त्यांपैकी मागच्या वेळीही आलेले, खेळानंतर त्याच दिवशी गेलेली पुस्तके, आणि हरवलेले तुकडे. देवघेव नोंदीत त्या पुस्तकांपुढे ‘खे’ अशी खूण करावी म्हणजे महिन्याअखेर मोजता येतात. बारा आठवड्यांनी हे आकडे मंडळापुढे जसेच्या तसे ठेवावेत. ‘देवघेव दुप्पट होईल’ असे आश्वासन सुरुवातीला देऊन ठेवले असेल तर बरे आकडेही अपयशासारखे दिसतात.

दुसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. दर वेळी पंचवीस नवी मुले येतात आणि परत कोणी येत नाही, अशी नोंद दिसली तर खेळ चुकला आहे किंवा टेबलप्रमुख ओरडतो आहे. दोन्ही तपासावे. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला फलक लावून, पाहुणे बोलावून टेबल सुरू करण्याची पद्धत मला पसंत नाही, कारण त्या दिवशीची गर्दी पुढच्या प्रत्येक शनिवारी रिकाम्या खुर्च्यांची आठवण करून देते. सहा मुलांनी, कोणत्याही साध्या शनिवारी सुरू करावे.

## टप्पा १० : पावसाळ्याची तजवीज

जून ते सप्टेंबर पुठ्ठा दमट होऊन वाकतो, चिठ्ठ्या एकमेकींना चिकटतात आणि चिंचोक्यांना बुरशी येते. मे महिन्याच्या अखेरीस सर्व डबे रिकामे करून ऊन दाखवावे, चिंचोके तव्यावर कोरडे भाजून घ्यावेत, प्रत्येक डब्यात ओलावा शोषणारी पुडी टाकावी आणि डबे भिंतीपासून वितभर अंतरावर, वरच्या फळीवर ठेवावेत. नदीच्या बाजूच्या वस्तीतले वाचनालय असेल तर तळमजल्याच्या खालच्या दोन फळ्या या चार महिन्यांत रिकाम्याच ठेवाव्यात. पाणी शिरण्याची वेळ आली तर आधी पुस्तके वर न्यावीत, आणि खेळाचे डबे हाताला लागतील तसे.